व्हिडिओत दिवे लुकलुकतात, काळे पट्टे सरकतात? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे करून बघा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी जुळलं तरी पुढचं वाचा.

– घरात, हॉलमध्ये किंवा मांडवात घेतलेल्या व्हिडिओत रुंद, काळपट आडवे पट्टे दिसतात आणि ते हळूहळू वर किंवा खाली सरकतात. डोळ्यांना मात्र दिवा अगदी स्थिर दिसतो.
– रीलसाठी कॅमेरा उभा धरला की तेच पट्टे उभे होतात. (इथे बरेच जण लेन्सवर संशय घेतात. लेन्सचा काही संबंध नाही.)
– पट्टे नाहीत, पण मागची भिंत श्वास घेतल्यासारखी उजळते आणि मंद होते.
– साधा व्हिडिओ ठीक, स्लो मोशन केलं की नुसता डिस्को.
– सायलेंट मोडमध्ये काढलेल्या फोटोत अर्धी फ्रेम उजळ, अर्धी पिवळट.
– दिवसा खिडकीजवळ बसून बोललं की पट्टे येतात, रात्री त्याच दिव्याखाली येत नाहीत.

मी मूळचा लग्नांचे फोटो काढणारा. व्हिडिओ करायला लागून आठेक वर्षं झाली. आता ओळखीतला कुणी फोटोवाला व्हिडिओकडे वळला, कुणी रेसिपीचं चॅनल सुरू केलं, की पंधरवड्यात फोन येतो: "कॅमेरा गेला बहुतेक." मी एकच विचारतो, शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते माप) किती होतं? उत्तर दहापैकी आठ वेळा १/६० किंवा १/१२५ सेकंद येतं. कॅमेरा धडधाकट असतो. सेटिंग अमेरिकेतलं असतं आणि वीज आपल्याकडची.

पहिली तपासणी उन्हात

कॅमेरा बाहेर उघड्यावर न्या. सेटिंगला हात न लावता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. सूर्य लुकलुकत नाही. बाहेर पट्टे गायब झाले तर दोष दिवा आणि शटर यांच्या जुळणीचा आहे, आणि तो जवळजवळ नेहमी फुकटात सुटतो. बाहेरही उजेड कमी-जास्त होत असेल तर एक तर कॅमेरा ऑटोवर आहे किंवा आत खरोखर काहीतरी बिघडलंय. हे आधी कळलं नाही तर माणूस उगाच दिवे बदलत बसतो. मी स्वतः एकदा नवा एलईडी पॅनल विकत आणला होता, कारण ही दोन पावलं बाहेर जायचा कंटाळा केला.

पंखा बंद करा

हसू नका. आपल्याकडे छताला मधोमध पंखा आणि त्याच्या वर किंवा बाजूला दिवा, ही रचना घरोघरी. पातं दिव्याच्या आडून गेलं की क्षणभर सावली पडते. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेत असेल तर सेकंदाला सतरा-अठरा सावल्या होतात. डोळा त्याला सरावलेला असतो, कॅमेरा नसतो. ओळखायची खूण अशी की पंखा एकवर आणला की फडफडही संथ होते. पंखा बंद होईपर्यंत थांबा, मगच रेकॉर्ड करा. आवाजही सुधारतो, तो वरचा फायदा.

सगळं ऑटो बंद

भिंत "श्वास घेते" आणि पट्टे अजिबात नाहीत, तेव्हा बहुधा कॅमेराच उजेड बदलत असतो. तुम्ही पांढरा सदरा घालून पुढे झुकलात की ऑटो एक्स्पोजर फ्रेम काळी करतं, मागे टेकलात की पुन्हा उजळ करतं. म्हणून मोड मॅन्युअल (सगळं हाताने), ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) बंद, ऑटो व्हाइट बॅलन्सही (रंगाचा तोल) बंद. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) असेल तर आणखी एक गंमत आहे: १८-५५ सारख्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) झूम करताना एफ ३.५ वरून ५.६ पर्यंत उतरतं, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना झूम केलं की उजेड टप्प्याटप्प्याने पडतो. त्याला उपाय एकच, आधीच ५.६ लावून ठेवा.

शटर: खरं दुखणं इथे आहे

आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. प्रवाह एका आवर्तनात दोनदा शिखरावर जातो, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि १०० वेळा मंदावतो. पिवळ्या बल्बमध्ये हे फारसं जाणवत नसे, कारण तापलेली तार इतक्या लवकर थंड होत नाही. चोकवाली जुनी ट्यूबलाइट आणि स्वस्तातला एलईडी मात्र इमाने इतबारे प्रत्येक ठोका दाखवतात.

आता हापसा आठवा. हापशाचं पाणी धारेने येत नाही, दांडा दाबला की भसकन येतं, वर गेला की थांबतं. तुम्ही पेला बरोबर एका दाबापुरता धरला, किंवा बरोबर दोन दाबांपुरता, तर प्रत्येक पेल्यात सारखंच पाणी पडेल, मग सुरुवात कधीही करा. पण पेला पावणेदोन दाबांपुरता धरलात तर एखाद्या पेल्यात पूर्ण भसका येईल, दुसऱ्यात थोडा हुकेल. शटर म्हणजे पेला धरण्याचा वेळ. १/१०० म्हणजे एक दाब. १/५० म्हणजे दोन. १/६० म्हणजे एक आणि दोन तृतीयांश, आणि १/१२५ म्हणजे एक दाबही पुरा नाही.

पट्टे येण्याचं कारण असं की आजचे बहुतेक कॅमेरे सगळी फ्रेम एकदम टिपत नाहीत. सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो, वरून खाली. प्रत्येक ओळीचा पेला थोड्या वेगळ्या क्षणी हापशाखाली येतो. काही ओळींना भसका मिळतो, काहींना नाही. तेच पट्टे. कॅमेरा उभा धरला की ओळीही उभ्या, म्हणून पट्टेही उभे.

तेव्हा घरात, हॉलमध्ये, दुकानात, जिथे जिथे विजेचा दिवा आहे तिथे शटर १/५० किंवा १/१००. यांच्या मधलं काही नको. १/१०० पेक्षा वेगवान तर मुळीच नको. मॅन्युअल करून डायल फिरवा आणि स्क्रीनकडे बघत राहा. पट्टे विरघळताना दिसतात. नसेल विश्वास तर १/१००० लावून बघा, मग परत १/५०. ज्याला मी हे समोर करून दाखवलं तो पुन्हा कधी फोन करत नाही.

फोटोवाल्यांना १/५० नको वाटतं, ते मी समजू शकतो. आयुष्यभर आपण शटर वाढवून हात स्थिर ठेवलेला असतो. पण व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेमला १/५० हेच नैसर्गिक हालचालीचं माप मानतात, आणि नशिबाने आपल्या विजेला तेच जुळतं. फार उजेड झाला तर आयएसओ खाली घ्या, अ‍ॅपर्चर बंद करा, तेही पुरलं नाही तर एनडी फिल्टर (लेन्सपुढची काळपट काच) लावा. शटरला हात लावू नका.

१/६० चा सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या गावचा आहे. अमेरिका-कॅनडात वीज ६० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १२० वेळा उजळतात, तिथे १/६० आणि १/१२० अचूक बसतं. यूट्यूबवर शिकवणारे बरेचसे तिकडचे, म्हणून आपण ३० फ्रेम आणि १/६० तोंडपाठ केलं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा गणपती शूट करायचा असेल तर माझी ही पोस्ट उलटी वाचा. लंडन, दुबई, सिंगापूर मात्र आपल्यासारखेच, ५० हर्ट्झवाले.

फ्रेम रेट आणि ती पाल-एनटीएससीची भानगड

शटर बरोबर असेल तर ३० फ्रेमलाही चालतं, १/५० ठेवा, पट्टे येणार नाहीत. पण कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम 'पाल' (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत; एनटीएससी ही अमेरिकेची) केली की २५, ५० आणि १०० फ्रेम मिळतात. ही तिन्ही मापं आपल्या विजेच्या ठोक्यांत बरोबर बसतात. कुणी नातेवाइकाने अमेरिकेतून कॅमेरा आणला असेल तर हे सेटिंग हमखास एनटीएससीवर असतं. बदलण्याआधी कार्डावरचं सगळं उतरवून घ्या. सोनीच्या काही मॉडेलमध्ये सिस्टिम बदलली की कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला लागतं आणि तो संदेश आपण न वाचताच 'ओके' दाबतो.

स्लो मोशनचं मात्र शटरवर भागत नाही. माझं पहिलं हळदीचं शूट मी १२० फ्रेमवर केलं, शटर १/२५०. हॉलमध्ये छताला एलईडी. नवरीवर हळद उडतेय, पाणी उडतंय, आणि मागची सगळी भिंत सेकंदाला चार-पाच वेळा विझतेय. नवरीच्या आईने मला अगदी निरागसपणे विचारलं, "दादा, मागे डिस्को लाइट लावला होतात का?" १२० फ्रेममध्ये एका फ्रेमला मिळतो सेकंदाचा १२० वा भाग, आणि दिव्याचा एक ठोका १०० वा भाग घेतो. पेला पुरा भरेपर्यंत थांबायला वेळच नाही, शटर काहीही ठेवा. १०० फ्रेम आणि १/१०० ठेवलं तर ठोका न् ठोका जुळतो. हालचाल किंचित पुसट होते, ती परवडली. खरंच १२० किंवा २४० हवं असेल तर ते अंगणात, उन्हात.

फोनवाल्यांसाठी: आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे 'शो पाल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो. शटर हाताने लावायचं तर अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत प्रो व्हिडिओ मोड असतो, नाहीतर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप दोन्हीकडे चालतं. वेबकॅमवरून लाइव्ह करत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' शोधा आणि ६० चं ५० करा. निकॉनमध्ये 'फ्लिकर रिडक्शन' नावाने ५० आणि ६० हर्ट्झ असे पर्याय असतात.

आता ते खिडकीचं कोडं. बहुतेक फोनांना अ‍ॅपर्चर बंद करता येत नाही. खिडकीतून भरपूर ऊन आलं की उजेड आवरायला त्याच्यापुढे शटर वाढवणं एवढाच मार्ग उरतो, १/४०० म्हणा, १/८०० म्हणा. तेवढ्या वेगाने दिव्याचे पट्टे दिसायला लागतात. रात्री उजेड कमी, शटर आपोआप १/५० ला येतं, पट्टे जातात. दिवसा खिडकीजवळ बसत असाल तर दिवा सरळ मालवा. ऊन आणि ट्यूबलाइट यांचं रंगानेही पटत नाही.

फोटोंबद्दल दोन वाक्यं. ब्लॉगसाठी पदार्थाचे, वस्तूंचे फोटो सायलेंट मोडमध्ये काढता तेव्हा इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं जातं आणि वरची ओळीमागून ओळ भानगड फोटोतही येते, म्हणून घरात मेकॅनिकल (खटक आवाज करणारं नेहमीचं) शटर वापरा.

दिवे एकेक करून

एवढं करूनही पट्टे राहिले तर बघा, ते किती आणि कसे आहेत. रुंद आणि मोजके, फ्रेममध्ये दोन-तीन, तर विजेचेच, म्हणजे शटर कुठेतरी हुकलंय किंवा ऑटोवर राहिलंय. बारीक आणि दाट, कंगव्यासारखे, तर दोषी वेगळा: डिमर. बरेच एलईडी पॅनल, रिंग लाइट, रंगीत पट्ट्या उजेड कमी करायला प्रकाश खरोखर कमी करत नाहीत, दिवा सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतात. तिथे १/५० चा उपयोग मर्यादित. उपाय फुकट आहे: दिवा पूर्ण उजेडावर करा आणि लांब सरकवा, किंवा पुढे पांढरा पडदा, बटर पेपर धरा. डिमर फिरवून उजेड कमी करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

कोणता दिवा गुन्हेगार हे शोधायला सगळे बंद करून एकेक चालू करा, आणि फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये त्याच्याकडे बघा. चांगला दिवा शांत दिसतो, भुक्कड दिवा फडफडतो. दुकानात नवा बल्ब घेतानाही हीच चाचणी मी काउंटरवर करतो. दुकानदार आधी वैतागतो, मग स्वतःच दुसरे ब्रँड काढून देतो. स्वस्त बल्बात आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) लहान असतो, तो दोन ठोक्यांमधली दरी भरून काढू शकत नाही. कपॅसिटर जुना झाला की आणखी दुबळा होतो, त्यामुळे गेल्या वर्षी शांत असलेला बल्ब यंदा पट्टे देतो, हेही घडतं. बल्ब उघडून कपॅसिटर बदलायच्या फंदात पडू नका. बदलायचा तर सबंध बल्ब बदला. पैसे खर्च करायचेच असतील तर कॅमेऱ्याआधी इथे करा.

जिथे दिवे आपल्या हातात नाहीत

मांडवात जनरेटर असेल तर गणित थोडं सरकतं. साध्या गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) जनरेटर लोड नसताना ५२ हर्ट्झच्या आसपास चालतो आणि लोड चढला की ५० कडे येतो. सरकारी ग्रिड ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचा नियम आहे, जनरेटरला असली शिस्त नाही. १/५० ला मंद पट्टे राहिले तर रेकॉर्डिंगआधी डेकोरेशनवाल्याला सगळी रोषणाई लावायला सांगा, लोड स्थिर झाला की पट्टेही बरेच बसतात.

स्टेजमागची एलईडी भिंत ही माझ्यासाठी आजही डोकेदुखी आहे. तिचं रिफ्रेश (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटतं ते) वेगळंच असतं, विजेशी जुळलेलं शटर तिला जुळेलच असं नाही. काही कॅमेऱ्यांत शटर अगदी बारीक टप्प्यांत बदलता येतं, सोनीच्या काही मॉडेलमध्ये 'व्हेरिएबल शटर', कॅननच्या काहींत 'हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर' या नावाने. ते असेल तर भिंतीकडे बघत हळूहळू जुळवा. नसेल तर कोन बदला, भिंत फोकसबाहेर ठेवा, आणि स्क्रीन चालवणाऱ्या पोराशी चहा घेता घेता बोला. रिफ्रेश वाढवता येत असेल तर तोच वाढवू शकतो, आणि बहुतेक वेळा वाढवतोही.

क्लिप आधीच बिघडली असेल तर

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत 'डीफ्लिकर' आहे, आणि त्यात ट्यूबलाइटसाठी वेगळा पर्यायही आहे. फुकटात करायचं तर एक जुगाड. ३० फ्रेमच्या क्लिपमध्ये आपल्या विजेचे पट्टे दर तिसऱ्या फ्रेमला त्याच जागी परततात. म्हणून एकाच क्लिपचे तीन थर लावा, दुसरा एका फ्रेमने आणि तिसरा दोन फ्रेमने सरकवा. खालच्याची ओपॅसिटी (थर किती ठळक दिसतो ते) १०० टक्के, मधल्याची ५०, वरच्याची ३३. तिन्ही समान मिसळतात आणि पट्टे एकमेकांना खोडतात. हात हलले की भुतासारखी सावली येते, त्यामुळे बसून बोलण्याच्या व्हिडिओला हे चालतं, नाचाला नाही. २५ फ्रेमच्या क्लिपला हा उपाय लागूच पडत नाही, तिथे पट्टे प्रत्येक फ्रेममध्ये जवळपास एकाच ठिकाणी असतात.

इथे थांबा

दिवा साध्या डोळ्यांनी लुकलुकताना दिसत असेल तर तो कॅमेऱ्याचा विषय उरला नाही. एकच दिवा असेल तर बल्ब बदला. बदलूनही तसंच, किंवा बटण दाबताना चर्र आवाज, बोर्ड गरम, जळका वास, यातलं काहीही असेल तर मेन बंद करून वायरमन बोलवा. एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले नेहमीपेक्षा भडक झाले तर एक मिनिटही थांबू नका: न्यूट्रल (परतीची तार) सुटल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी २३० व्होल्टच्या वस्तूंवर कितीतरी जास्त दाब जाऊ शकतो. मेन बंद, चार्जर-कॅमेरा-लॅपटॉप सॉकेटमधून काढा, वायरमनला आणि वीज कंपनीला फोन करा. हॉलमधले दिवे वेगवेगळ्या फेजवर वाटून दिले तर पट्टे पुसट होतात हे खरं आहे, पण ते काम परवानाधारक माणसाचं. फोटोवाल्याने वायरी उघडायच्या नाहीत. फ्लॅश किंवा पॅनल खोलायचा नाही, आतले कपॅसिटर बंद केल्यावरही झटका देतात.

आणि उन्हात, सगळं मॅन्युअल असताना, शटर १/५० ला असूनही उजेड उड्या मारत असेल तर लेन्स काढून तिचे आणि बॉडीचे सोनेरी संपर्क कोरड्या, मऊ कापडाने पुसा, दुसरी लेन्स लावून बघा. दुसऱ्या लेन्सने प्रश्न सुटला तर पहिलीचं अ‍ॅपर्चर अडकतंय. नाही सुटला तर बॉडी. दोन्ही वेळा सेवा केंद्र, घरी स्क्रू ड्रायव्हर नाही. जाताना उन्हातली ती अर्ध्या मिनिटाची क्लिप आणि तिची सेटिंग कागदावर लिहून न्या. नाहीतर काउंटरवरचा माणूस कॅमेरा आपल्या ट्यूबलाइटखाली चालू करेल, १/१२५ ला पट्टे बघेल, आणि "सर, सेन्सर बदलावा लागेल" म्हणेल. मला एकदा म्हणालाय.